कवळीची रोपं

आत्याच्या लाँड्रीत कपडे टाकायला आलेला माणूस बहुतेक वेळा हातात एक रोप घेऊन बाहेर पडायचा. कुंडी म्हणजे आईसक्रीमचा रिकामा कप, बुडाला तीन भोकं, आत पीट नावाची दलदलीतली ओली काळपट माती आणि त्यात माशा पकडणाऱ्या झाडाचे नखाएवढे दोन-तीन हिरवे जबडे. कपाच्या कडेला कॉलरीला टाचतात तसली नंबराची चिठ्ठी.

"नळाचं पाणी घालाल तर याद राखा," आत्या बजावायची. "हिला क्षाराचा कण चालत नाही. वाफेच्या इस्त्रीचं डिस्टिल्ड पाणी माझ्याकडून न्या, बाटली तेवढी तुमची. आणि खतबित घालून लाड करू नका. हिचं पोट ती स्वतः भरते."

"आणि माशीच नाही मिळाली तर?"

"तर काय, उपास. देवानं पान दिलंय, ऊन दिलंय. माशी म्हणजे चैन."

लोक हसायचे. मग आत्या कुणी न विचारता पुढचं सांगायची. "माझ्या भावाचं झाड आहे हे. त्यानं बियांपासून वाढवलं होतं. असं दुसरं कुठं नाही." एवढं बोलून ती लगेच पुढचा शर्ट ओढून घ्यायची आणि त्याच्या बाहीवर अशी वाकायची, की जणू त्या बाहीवर काही लिहिलंय आणि ते वाचायलाच हवं.

कारण ते झाड भावाचं नव्हतं. ही गोष्ट जगात एकट्या आत्याला ठाऊक होती, आणि चार वर्षं तिनं ती पोटात ठेवली होती.

भाऊ दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल. त्यावर मेणाचे, प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले आणि त्यांच्यामध्येच माशा पकडणारी दोन झाडं. "माझ्या टेबलावर एवढी तोंडं आहेत," तो म्हणायचा, "पण जेवणारी ही दोनच." एका वर्षी दोन्ही झाडांना एकदम फुलं आली. कवळीच्या हिरड्या रंगवायचा बारीक ब्रश त्याच्या हाताशी होताच. त्यानं एका फुलावरचा पराग दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवला. बिया धरल्या. मोहरीहून बारीक, काळ्या, चकचकीत. त्या पिटावर नुसत्या पसरल्या आणि मग तो बसला वाट बघत. या झाडाला बीपासून मोठं व्हायला चार वर्षं लागतात. थंडीभर तो कुंड्या माळ्यावर ठेवायचा आणि नवी पानं आली की खाली आणायचा; का, हे कधी कुणी विचारलं नाही. बाकीची रोपं मधल्यामध्ये गेली, ती दोन जुनी झाडंही गेली. एक राहिलं, आणि राहिलं तेही जगावेगळं.

त्याचे दात आखूड आणि बोथट होते. इतर झाडांचे जबडे मिटले की काटे एकमेकांत अडकून पिंजरा होतो. याचा जबडा मिटला की वाटायचं, म्हातारा ओठ मिटून हसतोय. धरलेली माशी निम्म्या वेळा फटीतून निसटून जायची.

"ताई, हिला मीच कवळी बसवलीय," भाऊ म्हणाला, आणि तेव्हापासून तिचं नाव कवळी पडलं.

"धड बसवलेली दिसत नाही. माशी सुटून गेली बघ आत्ता."

"सुटू दे की. बाकीची झाडं धरतात आणि खातात. ही आधी विचार करते."

असा तो. बायको मागे लहान पोर ठेवून लवकर गेली, पण त्यानं कधी देवाला बोल लावला नाही. पोरीला त्यानं आणि आत्यानं मिळून वाढवलं. किडामुंग्यांच्या मागे लागून अंगणभर रांगायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. "मुंगीच्या घरात मुंग्या खाणारं झाड," असं तिला कुणी चिडवलं की ती शांतपणे म्हणायची, "मला नाही खात. माझी ओळख आहे."

कवळी चार वर्षांची झाली आणि भाऊ गेला. दुपारी टेबलाशी बसलेलाच गेला. हातात ब्रश होता. आत्या हाक मारायला गेली तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

मुंगीचं त्याच उन्हाळ्यात वनस्पतिशास्त्र शिकायला बाहेरगावी जायचं ठरलं होतं. ती नको म्हणत होती. आत्यानंच तिला धाडलं. जाताना मुंगीनं कुंडीकडे बोट दाखवलं. "हिला सांभाळ."

"माझ्या जिवापलीकडे सांभाळीन. तू पण उगाच तिला हात लावू नकोस. तुझ्या बाबांनी एक पानसुद्धा कुणाला तोडू दिलं नाही."

आणि खरंच सांभाळलं. पहाटे उठून आधी कुंडीखालच्या ताटलीत पाणी, मग स्वतःचा चहा. पण थंडी पडली तशी कवळीची पानं काळी पडायला लागली. आधी कडेची, मग मधली. आत्यानं कुंडी उचलून इस्त्रीच्या टेबलाजवळ उबेला ठेवली. पाणी कोमट करून घातलं. देवापुढे दोन वेळा उभी राहिली. काही केल्या काही होईना. एके सकाळी बघते तर एकही हिरवं पान नव्हतं. होती ती काळी, ओली, मिटलेली तोंडं.

आत्याला ते बघवेना. काळे ओठ तिनं एकदा पाहिले होते. तो मंगळवार होता, कचऱ्याची गाडी दारात घंटा वाजवत उभी होती. माणूस सावकाश विचार करत असतो तोवर त्याचे हात काम उरकून मोकळे होतात. आत्याचे हात तर डाग दिसला की थांबायचेच नाहीत. तिनं माती उपसून गाडीत टाकली, कुंडी घासून पुसून उपडी घातली आणि आत येऊन इतकी रडली, की सकाळचं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

शुक्रवारी मुंगीचा फोन आला.

"आत्या, कवळी कशी आहे?"

आत्या सांगणारच होती. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात मुंगीच पुढे बोलली.

"काळी पडली असेल ना? घाबरू नकोस हं. आज वर्गात बाईंनी तेच सांगितलं. थंडीत झोपतात ही झाडं. वरून अगदी मेल्यासारखी दिसतात, पण मातीत पांढरा गड्डा असतो, कांद्यासारखा, तो जिवंत असतो. तीन महिने झोपू दे. गार खिडकीत ठेव, माती नुसती ओलसर. आहे ना नीट?"

आत्या उपड्या घातलेल्या कुंडीकडे बघत राहिली.

"आत्या? ऐकतेस ना? आहे ना नीट?"

"आहे गं," आत्या म्हणाली. "अगदी नीट आहे."

दोन शब्दांचं काम होतं. 'टाकली गं' एवढंच. पण पोर नुकती बापाविना झालेली, परक्या गावी एकटी, वर परीक्षा तोंडावर. तिला कशाला सांगायचं, आत्यानं मनाला समजावलं. आता बघा, दुसऱ्याचा जीव दुखू नये म्हणून बोललेलं खोटं आणि स्वतःचं तोंड वाचावं म्हणून बोललेलं खोटं, दोन्ही दिसायला जुळ्या बहिणींसारखी. कोणती कोणती, हे आईलासुद्धा लवकर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या नर्सरीत गेली. नर्सरीवाल्यानं तसलंच एक झोपलेलं झाड काढून दिलं. "हे मेलंय," असं आत्याच्या तोंडून निघून गेलं. त्यानं बोटानं माती बाजूला केली आणि पांढरा गड्डा दाखवला. "सगळेच फसतात, आत्या. निम्मे लोक थंडीत फेकून देतात आणि उन्हाळ्यात माझ्याकडेच परत येतात. आमचा धंदा त्यावरच चालतो." त्याला वाटलं आपण विनोद केला. आत्यानं ते झाड आणून भावाच्या कुंडीत लावलं.

थंडी सरली, मुंगी सुट्टीला आली. नवी पानं नुकती उठत होती, एवढीएवढी. त्यांवरून काही ओळखू येण्यासारखं नव्हतं. ती कुंडीपुढे बराच वेळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत्या, एकच झाड म्हणजे एकच जीव. उद्या काही झालं तर? आपण रोपं करू या."

तोच क्षण होता सांगायचा. पण मुंगीनं तिचा हात धरून कुंडीवर नेलासुद्धा. "पान वर नाही ओढायचं, खाली ओढायचं. हळू. बुडाचा पांढरा भाग सुटून आला पाहिजे. नुसतं हिरवं आलं तर कुजतं. हां, आलं. आता पिटावर आडवं ठेव, बूड जरा दाब, वरून प्लास्टिक."

"प्लास्टिकला काय तोटा." आत्यानं कोटावर चढवायची पारदर्शक पिशवी आणली. दोघींनी मिळून बारा पानं लावली. दीड-दोन महिन्यांनी नऊ पानांच्या बुडाशी हिरवे ठिपके फुटले. आत्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मुंगी आनंदानं ओरडली. "आत्या, तुझ्या हाताला गुण आहे!"

गुण होता खराच. कापडाची नस ओळखणारी बोटं पानाचीही ओळखायला लागली. बघता बघता मागच्या खोलीतलं भावाचं टेबल कपांनी भरलं, मग दुकानाची खिडकी भरली. आत्या रोपांमागून रोपं करत सुटली. पन्नास झाली की त्यांतलं एखादं आपोआप भावाचं होईल, अशी काहीतरी वेडी आशा तिच्या मनात असावी. लोक मागायला लागले, ती देत गेली, आणि देताना भावाचं नाव सांगत गेली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे.

पुढच्या सुट्टीत मुंगीनं मोठी पानं पाहिली. "आत्या, हिचे दात एवढे लांब कसे?"

"लोकांचे म्हातारपणी पडतात, हिचे आले," आत्या म्हणाली. मुंगी हसली. मग हसू ओसरल्यावर कुंडी उजेडाकडे फिरवून पुन्हा एकदा बघत राहिली.

हे सगळं इथंच थांबलं असतं, तर आत्या आपलं गुपित घेऊन देवाघरी गेली असती. पण मुंगी शिकून एका रोपांच्या प्रयोगशाळेत लागली. कवळी गेल्यानंतरच्या चौथ्या वर्षी एका संध्याकाळी ती घरी आली ती हातात लाकडी खोकं घेऊन. खोक्यात सात कुंड्या, आत्याकडच्याच झाडाची रोपं. तिचे डोळे आत गेलेले, नखं कुरतडून अर्धी झालेली.

"हे काय गं? जेवतेस की नाही?"

"आधी हे बघ." तिनं एकेक कुंडी टेबलावर मांडली. "ही जास्त थंडीत ठेवली होती. ही कमी थंडीत. हिला दिव्याचा उजेड, हिला नुसतं ऊन. हिचं पीट वेगळं. वर्षभर करतेय, आत्या. एकीचेही दात आखूड होत नाहीत."

"कशाला पण एवढं?"

"झाडं वाढवणाऱ्यांची एक संस्था आहे. नव्या जातीला नाव देऊन त्यांच्याकडे नोंदवता येतं. मी बाबांच्या नावानं नोंदवणार होते. कवळीचं वर्णन बाबांच्या वहीत आहे, फोटो आहे. पण आत्ताचं झाड त्याच्याशी जुळत नाही." ती खुर्चीवर बसली. "आणि ते माझ्यामुळे. बाबा पान तोडू देत नव्हते, ते उगीच नाही. मीच तुला पानं ओढायला लावली. मूळ झाडाला धक्का बसला आणि गुण गेला. बाबांनी चार वर्षं वाट बघून केलेली गोष्ट मी एका सुट्टीत घालवली."

आणि ती रडायला लागली. टेबलावर डोकं टेकून, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता.

आत्या उभी होती. इस्त्री तापून बाजूला ठेवलेली, तिच्यातून मधूनच फस्सकन वाफ यायची. एवढी वर्षं आत्याला वाटत होतं, की आपण मुंगीला दुःखापासून वाचवतोय. ते दुःख पोरगी वर्षभर पाठीवर वाहत होती, आणि वर ते स्वतःचंच पाप समजत होती.

"मुंगे, ऊठ. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"तू नको समजूत घालू."

"समजूत नाही घालत. हे झाड कवळी नाहीच. कवळी मी टाकली. पहिल्या थंडीत. काळी पडली, मला वाटलं मेली. मंगळवारी गाडीत टाकली. शुक्रवारी तुझा फोन आला." आत्यानं भावाच्या कुंडीकडे बोट केलं. "हे नर्सरीतलं."

मुंगीनं मान वर केली. ती रागावेल, ओरडेल, कुंडी फेकेल, आत्या सगळ्याला तयार होती. मुंगीनं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, "शुक्रवारी म्हणजे, मी ते झोपण्याचं सांगितलं तो फोन?"

"तोच."

"तेव्हा झाड नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तू म्हणालीस, अगदी नीट आहे."

मुंगी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "आत्या, मी तुला एक सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात जाताना मी कवळीची दोन पानं ओढून नेली होती. ओल्या कागदात गुंडाळून. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

आत्यानं इस्त्री बंद केली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

"दोन्ही फुटली होती. त्या फोनच्या वेळी माझ्या खिडकीत होती. एवढीशी, पण जिवंत. पुढच्याच आठवड्यात माझी खोली बदलली. नव्या खोलीला खिडकी नव्हती. मी विचार केला, मोठं झाड आत्याकडे आहे, अगदी नीट आहे. मग या दोघांची कशाला काळजी? हॉस्टेलच्या ऑफिसातल्या कारकुनाला दिला तो कप. पुढच्या वर्षी मी बघितलं, त्या कपात तो टाचण्या ठेवत होता." ती थांबली. "तेव्हाही मला काही वाटलं नाही, आत्या. खरंच काही वाटलं नाही. मोठं झाड होतं ना घरी."

रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं.

"तू टाकलंस याचा मला राग नाही," मुंगी शेवटी म्हणाली. "मी असते तर कदाचित मीही टाकलं असतं. तेव्हा मलाही शुक्रवारपर्यंत कुठं माहीत होतं? पण त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस, तर कवळी आज असती. कचऱ्याच्या गाडीनं नाही नेली तिला."

आत्या रात्रभर त्याच एका वाक्याशी जागली. आपल्या हातांना तिनं चार वर्षं दोष दिला होता. हात बिचारे निर्दोष निघाले. हातांनी झाड टाकलं तेव्हाही कवळी शेकडो मैलांवर एका खिडकीत हिरवी होती. तिला मारलं ते तोंडानं, तेही प्रेमानं बोलून. आता तर देवापुढे उभं राहून क्षमा मागायची, तर मागायची कशाची, इथून सुरुवात होती. इतके दिवस ती चुकीच्याच गुन्ह्याची क्षमा मागत आली होती.

सकाळी मुंगी निघाली. सातही कुंड्या तिनं तशाच टेबलावर ठेवल्या. दारात आत्यानं तिचा हात धरला. "येशील ना परत?"

"येईन गं. तुझ्याशिवाय कोण आहे मला?" तिनं हात सोडवून घेतला नाही, पण आत्याकडे बघितलंही नाही. "फक्त एक कर. ज्यांना ज्यांना रोप दिलंस, त्यांना खरं सांग. लोक रोज सकाळी बाबांचं नाव घेऊन दुसऱ्याच कशाला तरी पाणी घालतात. मला ते सहन होत नाही."

ती गेली. आत्यानं दुकान उघडलं, इस्त्री लावली, कपड्यांचा ढीग पुढे ओढला. पहिल्याच आल्या शाळेच्या मोठ्या बाई, कोट घ्यायला. त्यांच्या मागे पोस्टमन, बगलेत गणवेशाचं गाठोडं.

"आत्या, एक गंमत सांगते," बाई दारातूनच म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या झाडाला आमच्या वर्गात चार पिल्लं झाली! मुलांनी पाटी करून लावलीय, भावाच्या नावाची. तुम्ही बघायला या एकदा."

आत्यानं कोट काढून टेबलावर ठेवला. त्यावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी तिनं उगाचच दोनदा सारखी केली.

"बाई, ते माझ्या भावाचं झाड नाही."

"म्हणजे?"

"नर्सरीतून आणलेलं आहे. भावाचं होतं ते गेलं. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

बाईंना आधी वाटलं ही चेष्टा आहे, मग चेहरा बघून त्या गोंधळल्या. "अहो, मग काय झालं एवढं? झाड छानच आहे की. मुलांना आवडतं. पाटी राहू दे, कुणाला काय कळतंय?"

"नको," आत्या म्हणाली. "पाटी काढा."

"मुलं विचारतील. तुमच्या भावाचं खरं झाड कुठं आहे म्हणून."

"सांगा, आत्यामुळे गेलं."

बाईंनी टेबलावर पैसे ठेवले. मग कोट हातावर घेऊन, "बरं, येते मी," असं पुटपुटत निघून गेल्या. एरवी त्या जाताना पाण्याची बाटली भरून न्यायच्या, ती टेबलावरच राहिली.

पोस्टमन पुढे आला. त्याच्याही घरी दोन कप होते. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलंच नाही असं दाखवत तो गाठोड्याची गाठ सोडायला लागला.

"चार शर्ट, दोन पँट," तो म्हणाला. "घाई नाही हं, आत्या."

आत्यानं इस्त्री उचलून बाजूला उभी ठेवली आणि त्यालाही पहिल्यापासून सांगायला घेतलं.